मानमोडीचा जातवार हिशेब

१९१८ साली मुंबई शहरात इन्फ्लुएंझाने मेलेल्या माणसांचा हिशेब नगरपालिकेच्या आरोग्य खात्याने धर्मवार आणि जातवार मांडून ठेवला होता, ही गोष्ट आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. शाळा-कॉलेजांच्या पुस्तकांत १९१८ हे साल महायुद्ध संपल्याचे आणि माँटेग्यू-चेम्सफर्ड अहवालाचे म्हणून येते. त्याच वर्षी या देशातली सव्वा कोटी ते दोन कोटी माणसे काही महिन्यांत तापाने मेली, हे एखाद्या ओळीत येते किंवा येतच नाही. सुरुवातीचा सरकारी अंदाज साठ लाखांच्या आसपासचा होता. पुढे लोकसंख्येचे अभ्यासक तो वाढवीत गेले. इतक्या मोठ्या मरणाला इतिहासाच्या पुस्तकात जागा मिळाली नाही, याचे कारण मेलेल्यांमध्ये इतिहास लिहिणाऱ्यांची माणसे कमी होती, असे माझे मत आहे. ते का, हे हा हिशेबच सांगतो.

दर हजार माणसांमागे किती मेले, याचा तो तक्ता आहे. युरोपीय ८.३. पारशी ९. अँग्लो-इंडियन ११.९. यहुदी १४.८. हिंदी ख्रिस्ती १८.४. वरच्या जातींचे हिंदू १८.९. मुसलमान १९.२. आणि 'खालच्या जातींचे हिंदू' ६१.६.

हे आकडे सावकाश वाचावेत. साहेबापासून मुसलमानापर्यंतची शिडी ८ वरून १९ पर्यंत चढते. एकेक पायरी बेताची आहे. बंगल्यात राहणारा आणि चाळीत राहणारा, डॉक्टर घरी बोलावू शकणारा आणि न शकणारा, यांच्यातला फरक या पायऱ्यांत आहे. परंतु १९ च्या पुढे शिडीच संपते. तिथून एकदम ६१ वर उडी आहे. आमचे काही मार्क्सवादी मित्र म्हणतात, हा दारिद्र्याचा प्रश्न होता, त्यात जात कशाला आणता? त्यांना माझा साधा प्रश्न आहे. मुंबईच्या गिरण्यांत राबणारा कोकणातला कुणबी-मराठा आणि मदनपुऱ्यातला मुसलमान विणकर हे काय श्रीमंत होते? 'वरच्या जातींचे हिंदू' या रकान्यात शेटजी होते हे खरेच. पण त्या रकान्यातली बहुसंख्य माणसे हातावर पोट असलेलीच होती. तरीही तो रकाना १८.९ वर थांबतो. दारिद्र्याने जे समजते ते १९ पर्यंत समजते. पुढच्या ४२ चे उत्तर दुसरीकडे शोधावे लागते.

आकड्यांशी प्रामाणिक राहायचे तर एक शंकाही मांडली पाहिजे. साथीआधीची शिरगणती १९११ ची. मधल्या सात वर्षांत, विशेषतः युद्धकाळात, गावाकडून कितीतरी माणसे मुंबईला आली. ती मेल्यावर मोजली गेली, पण जगताना मोजली गेली नव्हती. त्यामुळे ६१.६ हा दर काहीसा फुगलेला असू शकतो. समजा, तो निम्मा करून टाकला, तरी ३०.८ उरतात. तेवढ्यानेही माझे म्हणणे बदलत नाही.

आता ही साथ आली कशी ते पाहू. १० जून १९१८ ला मुंबईत सात पोलीस शिपाई तापाने इस्पितळात दाखल झाले. त्यांतला एक गोदीवर नेमलेला होता. मेअखेर एक लष्करी जहाज बंदराला लागले होते. शहराचे आरोग्य अधिकारी डॉ. टर्नर यांनी जहाजाकडे बोट दाखवले, तर सरकारचे म्हणणे असे की जहाजावरच्या लोकांनाच शहरात ताप लागला. आपल्या अंगावर कोणी घेईना. जूनची लाट पुष्कळांना आजारी पाडून गेली, पण तिने मारले कमी. सप्टेंबरात आलेली दुसरी लाट मात्र संहारक होती. ६ ऑक्टोबरला एका दिवसात मुंबईत ७६८ मृत्यूंची नोंद झाली. आगगाडीच्या रुळांवरून आणि गावी परतणाऱ्या गिरणी कामगारांच्या श्वासावरून ती दख्खनच्या खेड्यापाड्यांत पोचली. खेड्यांनी तिला 'मानमोडी' हे नाव दिले. मान धरते, मोडून टाकते, म्हणून मानमोडी. एकट्या मुंबई इलाख्यात दहा लाखांच्या आसपास माणसे गेली. आजच्या महाराष्ट्राच्या मुलखाची लोकसंख्या १९११ ते १९२१ या दशकात वाढण्याऐवजी जवळजवळ ३ टक्क्यांनी घटली. शिरगणती सुरू झाल्यानंतरच्या काळात असे क्वचितच घडले आहे.

आणि हे सारे कोणत्या सालात? ज्या वर्षी पावसाने दगा दिला त्या सालात. ज्वारी-बाजरीचे पीक बुडाले, भाव भडकले, युद्धासाठी धान्य बाहेर जातच होते. १९१९ च्या जानेवारीत मुंबईच्या लाखावर गिरणी कामगारांनी संप केला, त्याच्या मुळाशी हीच महागाई होती. ताप आला तेव्हा अंगात ताकद शिल्लक नव्हती, हे ध्यानात ठेवल्याशिवाय मानमोडी समजत नाही.

इथे थोडे शास्त्र सांगितले पाहिजे, कारण आपल्या कार्यकर्त्यांतही याविषयी घोळ फार आहे. साधे पडसे वेगळे आणि फ्लू वेगळा. पडशाचे विषाणू अनेक जातींचे असतात. त्यांतल्या ऱ्हायनोव्हायरस या एकाच कुळाचे दीडशेहून अधिक प्रकार आहेत. म्हणून पडशाला लस नाही. नाक वाहते, घसा धरतो, आठवड्याभरात माणूस मोकळा होतो. फ्लूचा विषाणू निराळ्या कुळातला आहे. तो अचानक गाठतो: सकाळी कामावर गेलेला माणूस संध्याकाळी अंथरुणाला खिळतो, ताप भडकतो, हाडे ठणकतात, खोकला छातीत उतरतो. बहुतेकजण यातूनही उठतात. परंतु विषाणूने फुप्फुसाचे आतले अस्तर सोलून काढले की घशात एरवी निमूट राहणारे जिवाणू खाली उतरतात आणि न्यूमोनिया होतो. १९१८ साली पुष्कळजण या दुसऱ्या घावाने मेले. आणि नेहमीच्या फ्लूत म्हातारे आणि तान्ही मुले दगावतात, तर त्या साथीत वीस ते चाळीस वयाची धडधाकट माणसे गेली. हिंदुस्थानात पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक गेल्या. घरात आजाऱ्याचे करणारी तीच, उरलेसुरले खाणारीही तीच.

औषध काहीच नव्हते. पेनिसिलिनचा शोध १९२८ चा, आणि ते रोग्याच्या हाताशी यायला १९४० चे दशक उजाडावे लागले. विषाणू कोणी पाहिलेलाच नव्हता. १८९२ साली फायफर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने एका जंतूला इन्फ्लुएंझाचे कारण ठरवले होते, आणि त्या चुकीच्या जंतूवरून १९१८ मध्ये ठिकठिकाणी लशी बनवल्या गेल्या. मूळ रोगावर त्यांचा उपयोग होणे शक्यच नव्हते. मग जगवत होते काय? कोणीतरी वेळेवर पाजलेले पाणी, पेज, पांघरूण, आठ दिवस पडून राहण्याची मुभा, मोकळी हवा. थोडक्यात, शुश्रूषा. ज्या रोगावर औषध नाही तिथे शुश्रूषा हेच औषध, आणि शुश्रूषा म्हणजे स्पर्श. ६१.६ चे कोडे इथे उलगडू लागते. ज्या समाजाला स्पर्शच नाकारलेला होता, त्याच्या वाट्याला हे औषध कुठून येणार?

कोणी म्हणेल, ही भावनेची भाषा झाली. मग पुरावा घ्या. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सी. के. बोले यांनी मांडलेला ठराव मुंबई कायदेमंडळाने मंजूर केला. आपण तो पाणवठ्यांचा ठराव म्हणून ओळखतो, कारण त्यातूनच पुढे महाडचा संग्राम उभा राहिला. परंतु तो ठराव पुरता वाचला तर सार्वजनिक विहिरी आणि धर्मशाळा यांच्या जोडीला शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने हेही शब्द त्यात आहेत. सार्वजनिक पैशाने चालणाऱ्या दवाखान्यात अस्पृश्याला येऊ द्यावे, असा ठराव साथीनंतर पाच वर्षांनी करावा लागला. म्हणजे साथीच्या वेळी ते दार कसे होते, हे वेगळे सांगायला नको.

दुसरा पुरावा बाबासाहेबांनीच जपून ठेवला आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात त्यांनी काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र दिले आहे. ते १९२९ साली 'यंग इंडिया'त छापून आले होते. बायको बाळंत झाली, दोन दिवसांनी आजारी पडली, छाती भरली, श्वास लागला. डॉक्टर वस्तीत यायला तयार होईना. नगरशेठ फीच्या दोन रुपयांना जामीन राहिले तेव्हा तो आला, तेही वस्तीबाहेर तपासीन या अटीवर. ओली बाळंतीण तान्ह्या मुलासह वस्तीबाहेर आणली गेली. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हाती दिले, त्याने नवऱ्याच्या, नवऱ्याने बायकोच्या. त्याच वाटेने ते परत गेले. दिव्याच्या उजेडात पाहून डॉक्टर म्हणाला, न्यूमोनिया आहे. औषध पाठवले. पुन्हा पाहायला मात्र आला नाही. बाई गेली.

छाती ठोकून न पाहता, नाडीला हात न लावता झालेले हे निदान! आणि हे साथ नसताना, एका शिकलेल्या, नोकरीत असलेल्या, शेठजीला जामीन मिळवू शकणाऱ्या माणसाच्या घरी. १९१८ च्या ऑक्टोबरात घराघरात पाच-पाच माणसे पडलेली असताना महारवाड्याच्या, मांगवाड्याच्या, भंगी वस्तीच्या दारात कोण उभे राहिले असेल?

खेड्यातल्या पाण्याचा विचार करा. अस्पृश्याने विहिरीवर जायचे नाही. कोणी सवर्ण येऊन वरून ओतील तेव्हा घागर भरायची. साथीत ओतणारेच अंथरुणावर, घागर घेऊन बसणारीही तापाने फणफणलेली. घशाला कोरड पडलेल्या रोग्यापर्यंत पाणी पोचायला आधी दोन निरोगी माणसे लागत, त्यांतले एक परक्या जातीचे. शिवाय वतनाच्या कामांतून सुटका नव्हतीच. गावात मयत झाले की परगावच्या सोयऱ्यांना निरोप पोचवायचा महाराने, सरणाला लाकडे पोचवायची महाराने, मेलेले ढोर ओढायचे महाराने. मानमोडीत मरणाचे निरोप किती झाले असतील! दर निरोपामागे एका महाराच्या पायांनी एका तापाच्या घरातून निघून दुसऱ्या घराच्या उंबऱ्यापर्यंत जायचे होते. साथीने या माणसांना सर्वांच्या आधी गाठले असणार, हा माझा तर्क आहे. कामाची वाटणी पाहिली की दुसरा तर्क संभवत नाही.

शहरात विहिरीची जागा नळाने घेतली होती, वतन सुटले होते, तरी जात सुटली नव्हती. मुंबईची दोन तृतीयांशाच्या आसपास वस्ती एकेका खोलीत राहत होती. परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत खुद्द आंबेडकर कुटुंब दोन खोल्यांत होते. पण अस्पृश्याला चाळीतली खोलीही सहज मिळत नसे. पुष्कळांचा आसरा झावळ्यांच्या, पत्र्याच्या झोपड्यांत. गिरणीत चांगल्या पगाराचे खाते विणकामाचे, आणि तिथे अस्पृश्याला मज्जाव. कारण काय, तर धोट्यात नवी कांडी घालताना धागा तोंडाने ओढावा लागे, आणि अस्पृश्याच्या उष्ट्याने सवर्ण कामगाराला विटाळ होई. विटाळाची ही कल्पना किती आंधळी होती पाहा. एकाच धोट्याला दहा सवर्णांची तोंडे लागत होती. क्षय आणि ताप त्यातून सुखाने फिरत होता, पण त्याचे भय कोणाला नव्हते. खऱ्या संसर्गाकडे डोळेझाक आणि खोट्या संसर्गाचे राज्य! परिणाम एवढाच झाला की अस्पृश्य कामगार कमी मजुरीच्या खात्यात राहिला, आणि महागाईच्या सालात त्याच्या ताटातली भाकरी आधी कमी झाली.

मदतकार्य झाले नाही असे नाही. ना. म. जोशी यांच्या सोशल सर्व्हिस लीगसारख्या संस्थांनी औषधे वाटली, वस्त्यांत माणसे पाठवली. त्यांचे ऋण मान्य केले पाहिजे. पण ज्या ज्या समाजाकडे पैसा आणि डॉक्टर होते, त्याने आपापल्या माणसांसाठी दवाखाने उघडले, आणि नगरपालिकेच्या अपुऱ्या सोयींची उणीव अशी जातीजातींनी भरून काढली. परळचे केईएम इस्पितळ १९२६ चे. ते अजून उभे राहायचे होते. ज्या जातीकडे शेट नाही, वकील नाही, डॉक्टर नाही, तिने काय करायचे? त्याच वर्षी, १९१८ च्या मार्चमध्ये, मुंबईत सयाजीराव गायकवाडांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्यता निवारणाची अखिल भारतीय परिषद मोठ्या थाटाने भरली होती. पुढाऱ्यांची भाषणे झाली, ठराव झाले. सहा महिन्यांनी साथीने त्या ठरावांची परीक्षा घेतली, तिचा निकाल टर्नरसाहेबांच्या तक्त्यात आहे.

साथ ओसरत असताना नोव्हेंबर १९१८ मध्ये आंबेडकर सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि दोनच महिन्यांनी, जानेवारी १९१९ मध्ये, साउथबरो समितीपुढे त्यांनी साक्ष दिली. अस्पृश्यांचे हित अस्पृश्यच सांगू शकतील, त्यांना स्वतःचे प्रतिनिधी हवेत, हा त्या साक्षीचा गाभा. आपण तो राजकीय हक्काचा मुद्दा म्हणून वाचतो. तो तक्ता शेजारी ठेवून वाचला तर प्रतिनिधित्व हा जिवंत राहण्याचाही प्रश्न होता, हे दिसते.

विज्ञान पुढे गेले. १९३३ साली लंडनमध्ये स्मिथ, अँड्र्यूज आणि लेडलॉ यांनी फ्लूचा खरा विषाणू पकडला. कोंबडीच्या अंड्यात तो वाढवून, मारून केलेली लस दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांना दिली गेली आणि १९४५ पासून सर्वसामान्यांसाठी निघाली. हा विषाणू बहुरूपी आहे, अंगावरची प्रथिने तो सतत बदलतो, म्हणून गेल्या वर्षीची लस यंदा पुरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचे जाळे १९५२ पासून त्याच्यावर नजर ठेवून आहे. वर्षातून दोनदा, उत्तर आणि दक्षिण गोलार्धांसाठी, नव्या लशीत कोणते प्रकार घालायचे ते ठरते. वस्त्यांत बोलताना दोन शंका हमखास येतात. लस घेतल्यानेच फ्लू होतो, ही पहिली. टोचून देण्याच्या लशीत जिवंत विषाणू नसतो. एखादा दिवस कणकण येते, ती शरीराची तयारी असते. दुसरी, लस घेऊनही सर्दी झालीच. सर्दी होणारच, लस सर्दीची नाहीच. फ्लूसुद्धा ती पुरता रोखत नाही. जुळणी चांगली झालेल्या वर्षी धोका निम्म्याच्या आसपास कमी करते. पण म्हातारी माणसे, गरोदर बाया, दमेकरी, मधुमेही यांच्यात इस्पितळ गाठण्याची पाळी आणि मरण टाळण्यात तिचे मोल मोठे आहे. आणि फ्लूवर किंवा पडशावर अँटिबायोटिकची गोळी चालत नाही, हेही सांगावे लागते; ती जिवाणूंवर चालते, विषाणूंवर नाही.

२००९ साली स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी पुण्यात गेला, एक चौदा वर्षांची मुलगी. ज्या शहरात राष्ट्रीय विषाणू संस्था आहे, जिथे लशींचे मोठे कारखाने आहेत, त्याच शहरात. पुढच्याच वर्षी देशी लशी निघाल्या. २०१५ च्या उद्रेकानंतर महाराष्ट्रात सरकारी दवाखान्यांतून गरोदर स्त्रिया आणि मधुमेह-रक्तदाब असलेल्यांना ऐच्छिक लस देण्यास सुरुवात झाली, हे नोंदवलेच पाहिजे. पण मुलांना मोफत मिळणाऱ्या राष्ट्रीय लसीकरणात फ्लूची लस नाही. खासगी दवाखान्यात ती हजार रुपयांच्या घरात किंवा त्याहून महाग पडते, आणि दरवर्षी घ्यावी लागते. ज्याच्या घरात पाच माणसे आणि रोजगार कंत्राटी, त्याने हा हिशेब कसा जमवायचा?

२०२० च्या मार्चमध्ये करोनाची साथ आली तेव्हा 'सामाजिक अंतर' हा शब्द एका दिवसात सर्वांच्या तोंडी बसला. बसणारच, या समाजाला त्याची हजारो वर्षांची तालीम होती. जागतिक आरोग्य संघटनेने त्याच महिन्यात 'शारीरिक अंतर' म्हणा असे सुचवले, पण आपल्याकडे जुनाच शब्द चालू राहिला. त्या दिवसांत शहर बंद होते आणि कचरा उचलणारे, गटारे साफ करणारे, इस्पितळातली घाण काढणारे कामावर होते. ते कोणत्या जातींचे होते, हे या अंकाच्या वाचकांना सांगायला नको.

मुंबईचा तो तक्ता पुन्हा काढून पाहताना एक गोष्ट मला अस्वस्थ करते. वसाहतीच्या राजवटीने, तिच्या कारणांसाठी का होईना, मरणाची जात मोजली. २००९ मध्ये ती मोजली गेली नाही, २०२० मध्येही नाही. जात मोजू नये म्हणणारे सज्जन सांगतात की मोजल्याने जात पक्की होते. ६१.६ हा आकडा कोणी मोजला नसता तर ती माणसे जगली असती काय? मोजला नसता तर आपल्याला फक्त 'मुंबईत इन्फ्लुएंझाने पुष्कळ लोक मेले' एवढे कळले असते, आणि त्या वाक्यात आपली माणसे दुसऱ्यांदा नाहीशी झाली असती.

महाराष्ट्रात फ्लू पावसाळ्यात जोर धरतो, म्हणून लस पावसाच्या आधी, एप्रिल-मेमध्ये घेतलेली बरी. आमच्या भागातल्या कंत्राटी सफाई कामगारांनी यंदा तसा अर्ज केला आहे. मागण्या तीन आहेत: पावसाआधी कामगार आणि त्यांच्या घरातील वृद्धांना मोफत लस, ताप आल्यास सात दिवसांची भरपगारी रजा, आणि आजारी कामगारांची नोंद ठेवताना त्यात जातीचा रकाना. तिसऱ्या मागणीवर बैठकीत बराच वाद झाला. तरुण कामगारांचा तिला विरोध होता. शेवटी एका वयस्क बाईने सांगितले की झाडू हातात देताना जात विचारतात, मग आजार लिहितानाच का लाजायचे? रकाना अर्जात राहिला. अर्जाची पोच मिळाली आहे.